रात्र खायला उठते तेव्हा

कवी ग्रेस (माणिक गोडघाटे, १९३७-२०१२) यांचा 'संध्याकाळच्या कविता' हा संग्रह १९६७ साली प्रसिद्ध झाला. कातरवेळ, दाटत जाणारा अंधार आणि त्यात एकटा पडलेला माणूस, असे त्यातले वातावरण. कित्येक ओळींचा अर्थ मला आजही लागत नाही. तरीही रात्री दवाखाना बंद केल्यावर त्या वाचल्या की मन उदास होते, आणि थोडे हलकेही होते. आपल्याला सांगता न येणारे कोणीतरी सांगून ठेवले आहे, असे वाटते.

वाचकहो, अडचण त्यांची आहे, ज्यांच्या एकटेपणाला शब्दच मिळत नाहीत. दवाखान्यात येऊन 'मला एकटे वाटते' असे सहसा कोणी म्हणत नाही. छातीत धडधडते, डोके जड होते, रात्री डोळ्याला डोळा लागत नाही, अशा तक्रारी असतात. मुले पुण्याला नोकरीवर, किंवा दिवाळीच्या सुमारास घरची माणसे ऊसतोडीला गेलेली. मागे म्हातारे माणूस एकटे. अशा रुग्णाचा रक्तदाब, साखर तपासल्यावर 'रात्री घरात कोण असते?' हेही विचारावे लागते.

दिवसा मन कामात, माणसांत गुंतते. रात्री ते मोकळे सापडते. उतारवयात झोप हलकी होते, पहाटे लवकर जाग येते. दुपारची लांब झोप आणि संध्याकाळचा चहा त्यात भर घालतात. ही दोन्ही कमी करावीत. झोपेची गोळी मनानेच घेऊ नये. रात्री उठताना तोल जाऊन पडण्याची भीती असते. संध्याकाळी तासभर पारावर, भजनात किंवा वाचनालयात बसावे. परगावच्या मुलांनी रोज ठरल्या वेळी फोन करावा.

मात्र उदासी आणि आजार यांतला फरक ओळखा. कवितेने आलेली उदासी सकाळपर्यंत ओसरते. पण दोन आठवडे मन सतत खिन्न, कशातच गोडी नाही, अन्नावर वासना नाही, 'आता जगून काय करायचे' असे बोलणे, ही नैराश्याची लक्षणे असू शकतात. त्यावर चांगले उपचार आहेत. डॉक्टरांना विनाविलंब दाखवा. ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू झालेल्या सरकारी 'टेली-मानस' सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर रात्री-अपरात्रीही मोफत, मराठीतून बोलता येते.

घरातले वडीलधारे म्हणाले, 'झोप येत नाही रे,' तर 'पडून राहा, येईल' म्हणून कूस बदलू नका. उठून दहा मिनिटे त्यांच्याजवळ बसा.