सुटलेल्या धाग्याचे कापड

वाचकहो, मागावर बसलेला विणकर तुमच्यापैकी किती जणांनी जवळून पाहिला असेल? गोंदिया जिल्हा म्हटला की धानाच्या बांध्या, भातगिरण्या, तेंदूपान आणि विडी हेच डोळ्यांपुढे येते. मागाचा आवाज ऐकायचा तर शेजारच्या भंडारा जिल्ह्यात, मोहाडी-आंधळगावाकडे जावे लागते. १ मे १९९९ पर्यंत हा सारा मुलूख एकाच जिल्ह्यात होता, तेव्हा परके असे त्यात काही नाही. आमचे घराणे तिकडचेच, कोष्ट्यांचे. मी शिकलो आणि गोंदियाला प्राध्यापक झालो. वडिलांचा माग मात्र माझ्या कानातून गेलेला नाही.

आमच्याकडे कोशाचे करवती लुगडे विणत. त्याच्या काठावर करवतीच्या दातांसारखी नक्षी असते, म्हणून ते करवती. काठाचा रंग वेगळा आणि अंगाचा वेगळा. दोन्ही काठांना एकेक धोटा आणि मधल्या अंगाला एक, असे तीन धोटे चालवावे लागतात, आणि काठाचा धागा अंगाच्या धाग्यात प्रत्येक ओळीला अडकवून घ्यावा लागतो. विणकराच्या जोडीला काठाच्या बाजूला एखादे पोर बसवीत. मोजणी चुकली की करवतीचा एक दात लांब होतो, एक आखूड होतो, आणि ते लुगडे घेताना व्यापारी भाव पाडतो.

माझा धाकटा भाऊ जन्मापासून मंदबुद्धी. त्या काळी शाळेत असेच म्हणत; पुढे ‘मतिमंद’ म्हणू लागले, आता ‘बौद्धिक दिव्यांग’ म्हणतात. शब्द बदलत गेले, त्याची बसण्याची जागा बदलली नाही. तो नऊ-दहा वर्षांचा असताना वडिलांनी त्याला काठाला बसविले होते. चार दिवसांत त्याने दोन वेळा दात चुकविले. वडिलांनी वीतभर विणलेले कापड एकेक धागा करून उसवले आणि आईला म्हणाले, “याच्यानं होत नाही. याले कांड्या भरू दे.” त्यांच्या म्हणण्यात राग नव्हता, हिशेब होता. तेव्हापासून भाऊ रहाटावर कांड्या भरीत राहिला. दुसऱ्याच्या कापडासाठी पुढची वीस-पंचवीस वर्षे त्याने धागा गुंडाळला, पण स्वतः एक वीतही कापड विणले नाही.

आता तुम्ही म्हणाल, यात वडिलांचे काय चुकले? काहीच नाही. करवतीचे लुगडे करवतीसारखेच झाले पाहिजे. पण मग ज्याच्या हातून असे लुगडे होणारच नाही त्याने मागावर बसूच नये काय? चूक कशाला म्हणायचे, हे त्या लुगड्याने ठरवले होते. दुसरे एखादे कापड ते वेगळ्या रीतीने ठरवू शकेल की नाही, हा विचार आमच्या घरात कोणाच्या मनात आला नाही.

तो विचार जपानमध्ये ओसाका प्रांतातल्या एका बाईंना सुचला. त्यांचे नाव मिसाओ जो. जन्म १९१३ चा. वयाच्या सत्तावन्नाव्या वर्षी त्यांनी विणायला सुरुवात केली. ज्या वयात आपल्याकडे लोक निवृत्तीच्या गोष्टी बोलतात त्या वयात. त्यांच्या पहिल्या कापडात ताण्याचा एक धागा सुटला होता. कापडाच्या व्यवसायातील एका जाणकाराने ते पाहून सांगितले, हे सदोष आहे, याला किंमत नाही. बाईंना मात्र त्या रिकाम्या रेघेत शोभा दिसली. पुढच्या कापडात त्यांनी मुद्दाम आणखी धागे गाळले. यंत्र एकसारखे विणते, मग माणसाने पुन्हा यंत्रासारखेच का विणावे, असा त्यांचा सरळ प्रश्न होता. त्यातून जी पद्धत निघाली तिला ‘साओरी’ म्हणतात. प्रत्येक गोष्टीची स्वतःची प्रतिष्ठा असते, असा त्या नावामागचा भाव आहे. आपण तिला मराठीत ‘मुक्त विणाई’ म्हणू. मिसाओ जो २०१८ साली, १०४ वर्षांच्या होऊन वारल्या. तोवर ही पद्धत अनेक देशांत गेली होती आणि दिव्यांगांच्या कार्यशाळांत विशेष रुजली होती.

मुक्त विणाईत नमुना नसतो. शिक्षक पुढे कागद ठेवीत नाही, “असे कर” म्हणत नाही. ताणा आधीच लावलेला असतो. कोणत्याही विणकराला विचारा, मागाचे निम्मे कसब ताणा लावण्यात असते. शेकडो उभे धागे क्रमाने फणीतून ओवायचे, सारखे ताणायचे, हे काम नवख्याला जमत नाही, आणि तिथेच तो पळ काढतो. इथे ते काम जाणता माणूस करून ठेवतो, म्हणून शिकणारा पहिल्याच दिवशी विणायला बसतो. दोनच पावड्या असतात. एक दाबली की निम्मे उभे धागे वर, दुसरी दाबली की उरलेले निम्मे वर. मधून धोटा टाकायचा आणि फणीने ठोकायचे. बस्स. कोणता रंग घ्यावा, जाड की बारीक, कुठे सैल सोडावे, कुठे कापसाचा पेळू किंवा जुन्या साडीची पट्टी अडकवावी, हे विणणाऱ्याने ठरवायचे.

“म्हणजे कसेही विणले तरी चालते?” असे एका शिक्षक-मित्राने मला विचारले. कसेही नाही. ठोका नीट बसला नाही तर कापड हातात टिकत नाही. कडेचा धागा फार ओढला तर कापड कमरेत बारीक होते. कापड टिकले पाहिजे, ही शिस्त राहतेच. ते दुसऱ्यासारखे दिसले पाहिजे, एवढी एकच अट काढून टाकलेली आहे. आणि ही अट आपल्यालाही काही अगदी नवी नाही. फुटक्या कोशांतून हाताने काढलेले घिच्याचे सूत पाहा. कुठे जाड, कुठे बारीक, मध्ये गाठी. गिरणीच्या मापाने ते सगळेच वाया. पण त्याच खडबडीत अंगासाठी शहरातले गिऱ्हाईक जादा पैसे मोजते. सुताच्या वाकडेपणाला आपण शोभा म्हणायला शिकलो आहोत. माणसाच्या बाबतीत अजून अडते.

विदर्भात हाताच्या कामाचा आणि शिक्षणाचा, हाताच्या कामाचा आणि सेवेचा संबंध जुना आहे. ऑक्टोबर १९३७ मध्ये वर्ध्याला शिक्षण परिषद भरली आणि गांधीजींच्या नई तालीमची चर्चा तेथून देशभर गेली. सूतकताई व विणाई हे तिच्या हस्तव्यवसायांपैकी प्रमुख. वर्ध्याजवळ दत्तपूरला मनोहर दिवाण यांनी १९३६ साली कुष्ठरोग्यांची सेवा सुरू केली. पुढे वरोऱ्याला बाबा आमटे आणि साधनाताई सहा कुष्ठरुग्णांना घेऊन उघड्या माळावर गेले आणि आनंदवन उभे राहिले. आनंदवनात हातमाग आहेत. कुष्ठमुक्त माणसे, अंध, बहिरे, पायांनी अधू अशी माणसे तिथे चादरी, टॉवेल विणीत आली आहेत, आणि ते कापड बाजारात कापड म्हणून विकले जाते. ज्या हातांचा स्पर्श समाज टाळीत होता त्या हातांचे टॉवेल लोक तोंड पुसायला वापरतात, ही गोष्ट लहान नव्हे.

मात्र आनंदवनाचा माग आणि मुक्त विणाई एक नव्हे, हेही सांगितले पाहिजे. तिथली चादर मापाची असते, शेजारच्या चादरीशी जुळते. ज्याचा हात तयार होऊ शकतो त्याच्यासाठी तोच मार्ग उत्तम. त्यात मजुरी आहे. मुक्त विणाई आहे ती त्याही मागावरून जो उठवला जाईल त्याच्यासाठी, माझ्या भावासारख्यासाठी. दोन्हींची गल्लत करून कोणी पोटापाण्याच्या मोठ्या आशा दाखवू लागला तर त्याच्यावर विश्वास ठेवू नका. विणल्याने आजार बरा होतो असे कोणी सांगितले तर त्यावरही नको.

आता थोडे प्रत्यक्ष कामाचे. अंध व्यक्तीला रंग दिसत नाही, पण सुताचा पोत तिच्या बोटांना आपल्यापेक्षा अधिक कळतो. तिच्यापुढे रंगांची नव्हे तर पोतांची टोपली ठेवा. ताग, लोकर, सुती, कोसा, साडीची पट्टी, प्रत्येक वेगळ्या वाटीत आणि वाट्यांची जागा रोज तीच. विणलेल्या कापडावरून हात फिरवून ती आपण कुठवर आलो ते सांगते. बौद्धिक दिव्यांग मुलाला डाव्या-उजव्या पावडीची लय लागायला कधी आठवडा लागतो, कधी महिना. पावड्यांना दोन रंगांची चिंधी बांधली की सोपे जाते. लय लागल्यावर मात्र तो उठायला तयार होत नाही, हा आमच्या घरचा अनुभव. पाय अधू असतील तर मेजावर ठेवण्याची चौकट घ्यावी. तिथे पावडीचे काम हाताने होते. कुष्ठरोगातून बरे झालेल्या काहींच्या बोटांना संवेदना नसते, म्हणून धोट्याला मऊ कापड गुंडाळावे आणि काम संपल्यावर रोज हात नजरेखालून घालावेत. त्यांना घासल्याचे कळत नाही, जखम चिघळल्यावरच दिसते.

आपल्या भागात सिकलसेलचे रुग्ण पुष्कळ आहेत. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने अपंगत्वाचे जे २१ प्रकार मानले त्यांत सिकलसेलही आहे. या रुग्णाला थंडी, पाण्याची कमतरता आणि अतिश्रम सोसत नाहीत. वेदनांचा झटका येतो. रोवणीच्या चिखलात दिवसभर वाकून उभे राहणे त्याला जड जाते. “आळशी आहे” असे गाव म्हणते. सावलीत बसून, मनाला येईल तेव्हा थांबून, जवळ पाण्याचा तांब्या ठेवून करण्याचे काम त्याला मिळाले तर? गुरुजनहो, तुमच्या वर्गात वारंवार गैरहजर राहणारी अशी दोन-तीन मुले असतील. त्यांची आठवण ठेवा.

राहिला प्रश्न विक्रीचा. यात माझे मत थोडे कडक आहे. ‘बिचाऱ्यांनी केले आहे, घ्या’ असे सांगून विकू नये. दयेने घेतलेली वस्तू गिऱ्हाईक दुसऱ्यांदा घेत नाही, आणि विणणाऱ्याच्या कानावर ते शब्द पडतातच. कापड मीटरवर विकण्याऐवजी त्याची पिशवी, उशीचा अभ्रा, आसन, चष्म्याचे घर असे काही शिवून विकावे. शिवणाचे काम बचत गटातल्या बाया करतील. त्यांना त्यांची मजुरी आणि विणणाऱ्याला त्याची, दोन्ही वेगळ्या लिहून ठेवाव्यात. एकासारखा दुसरा तुकडा नाही, हेच त्या मालाचे वैशिष्ट्य म्हणून सांगावे. जे खरे आहे तेच सांगायचे, त्यात लाज कसली?

पैशाची अडचण सांगणाऱ्या सरपंचांना एक आठवण द्यावी. ग्रामपंचायतीने स्वतःच्या उत्पन्नाचा ५ टक्के भाग दिव्यांगांसाठी खर्च करावयाचा आहे. पुष्कळ ठिकाणी तो वर्षाअखेर भांडी किंवा रोख रक्कम वाटून संपवला जातो. एका छोट्या मागाला आणि समाजमंदिरातल्या एका कोपऱ्याला त्यातून सुरुवात होऊ शकेल. सुरुवात धान निघाल्यावर करावी. त्या आधी गावात कोणाला वेळ नसतो, आणि घरचे माणूस पोहोचवायला आले नाही तर चालू न शकणारा येणार कसा?

माझ्या भावाचे वय आता चाळिशीला आले. तीन वर्षांपूर्वी मी वडिलांच्या जुन्या सामानातली फणी वापरून सुताराकडून एक लहान माग करून घेतला आणि घराच्या ओसरीत मांडला. ताणा वडिलांनी लावला. डोळे अधू झाले आहेत, पण बोटे विसरली नाहीत. भाऊ आठ दिवस नुसता बसून राही आणि कांडी मागे. त्याला वाटे, आपले काम तेच. मग एक दिवस त्याने धोटा टाकला. पहिले कापड हातभर झाले. त्यात पिवळा, पिवळा आणि पिवळाच. मध्ये एक काळी रेघ, कुठे दाट, कुठे विरळ. वडिलांनी ते उन्हात धरून पाहिले, कडेवरून बोट फिरवले आणि विचारले, “ठोका कोणी शिकवला याले?” कोणी शिकवला नव्हता. पंचवीस वर्षे शेजारी बसून त्याने ऐकला होता.

ज्या शाळांना माग परवडत नाही त्यांनी चौकटीवर सुरुवात करावी. दीड फूट रुंद, दोन फूट लांब अशी लाकडी चौकट. वरच्या व खालच्या पट्टीवर साधारण एकेक सेंटीमीटरवर लहान खिळे, पण एका ओळीत नव्हे तर एक पुढे एक मागे, म्हणजे लाकूड फाटत नाही. त्यावर मजबूत सुती दोरा वर-खाली ताणून बांधावा. इथे कच्चे सूत वापरू नये, ठोक्याने तुटते. एक गुळगुळीत पट्टी धाग्यांच्या एकाआड एक वर-खाली घातली की ती उभी करून मार्ग मिळतो. परतीच्या ओळीला मात्र बोटांनी धागे उचलावे लागतात. ठोकायला रुंद दातांचा लाकडी कंगवा पुरतो. बाण्यासाठी सूत विकत आणू नये. शिंप्याकडच्या कातरणाच्या पट्ट्या, उसवलेले स्वेटर, फाटलेल्या धोतराच्या चिंध्या मुलांनाच घरून आणायला सांगाव्यात. पहिल्या दिवशी चौकटीशी एका वेळी दोघेच बसवावेत, आणि शिक्षकाने थोडे दूर बसावे.