सोल्युशनचा डबा आणि बधिर पाय

गणपतीसाठी मुंबईहून दाभोळला आलेला पंचविशीचा एक तरुण आईबरोबर माझ्या दवाखान्यात आला. आदल्या दिवशी तो धोपाव्याच्या पाहुण्यांकडून फेरीबोटीने परतला होता. धक्क्यावरून थोडे पुढे आल्यावर एका मुलाने हाक मारली, “दादा, तुमची चप्पल मागे राहिली!” पायातली चप्पल गळून पडली, तरी याला पत्ता नव्हता.

“पायांत वारा शिरलाय, डॉक्टर,” आई म्हणाली. शेजाऱ्यांना कुष्ठरोगाची शंका होती. मी तपासले. अंगावर बधिर चट्टा नव्हता, रक्तातील साखर ठीक होती, दारूचे व्यसन नव्हते. मात्र दोन्ही पायांची बोटे सारखीच बधिर होती आणि पाऊल वर उचलण्याचा जोर कमी झाला होता. मग मी विचारले, “काम काय करतोस?”

तो चपलांच्या एका लहान कारखान्यात होता. पोटमाळ्यावर बसून दिवसाचे दहा-बारा तास ब्रशने तळांना सोल्युशन लावायचे. धूळ बसू नये म्हणून खिडकी बंद. रात्री झोपायचेही तिथेच. नसांच्या तपासणीसाठी त्याला मोठ्या रुग्णालयात पाठवले. तेथील तज्ज्ञांचाही संशय सोल्युशनवरच गेला.

असे का होते?

सोल्युशन पातळ राहावे म्हणून त्यात टोल्युइन, हेक्झेन यांसारखे उडून जाणारे द्रव घालतात. त्यांची वाफ हवेपेक्षा जड असते, म्हणून ती जमिनीलगत साचते, नेमकी झोपणाऱ्याच्या नाकाशी. हेक्झेन श्वासातून रक्तात गेले की यकृतात त्याचे एक विषारी रूप तयार होते आणि ते नसांना इजा करते. सर्वांत लांब नसांना आधी झळ लागते. म्हणून मुंग्या प्रथम पायांच्या बोटांना येतात, नंतर हातांच्या. टोल्युइनने डोके दुखते, चक्कर येते, गुंगी येते.

हा आजार नवा नाही. १९६० च्या दशकात जपानमध्ये घरोघरी सँडल चिकटवणाऱ्या कामगारांचे हातपाय असेच लुळे पडू लागले होते आणि दोष हेक्झेनचा निघाला. १९९७ मध्ये व्हिएतनाममधील एका बूट कारखान्यातील टोल्युइनची बातमी जगभर गाजली. तो कारखाना नायकी कंपनीसाठी बूट बनवत असे. त्या काळात मोठ्या बूट कंपन्या पाण्यात कालवलेल्या डिंकाकडे वळू लागल्या.

पाण्यातला डिंक

चप्पल पावलागणिक वाकते. म्हणून डिंक नुसता घट्ट असून भागत नाही, तो लवचिकही लागतो. पॉलियुरेथेन हे प्लॅस्टिक या कामाला उत्तम. पूर्वी ते द्रावकात विरघळवूनच वापरावे लागे. आता त्याचे अतिसूक्ष्म कण पाण्यात मिसळून दुधासारखा पांढरा डिंक मिळतो. तो लावल्यावर पाणी उडून जाते आणि पारदर्शक थर उरतो. हा थर गरम करून तळ आणि वरचा भाग दाबला की जोड पक्का बसतो. हवेत जाते ते बहुतांशी पाणीच. आग लागण्याचा धोकाही पुष्कळ कमी.

अडचणीही आहेत. आपल्या कोकणातल्या पावसाळी हवेत तो लवकर वाळत नाही. तापवण्याची व दाबण्याची सोय लागते. लहान कारखानदार इथेच मागे सरतो. शिवाय काही डिंकांत आयसोसायनेट जातीचे कडक करणारे औषध मिसळतात. ते अंगावर किंवा श्वासात गेल्यास दमा जडू शकतो. म्हणून हातमोजे हवेत आणि हवा खेळती हवी. ‘पाण्याचा’ म्हणजे अगदी निर्धोक, असे समजू नये.

आपली परंपरागत कोल्हापुरी चप्पल तर चामड्याच्या वादीने शिवली जाते. तिला डिंकाची गरजच पडत नाही.

सोल्युशनचे काम करणाऱ्यांनी एवढे पाळावे :

१. कामाच्या खोलीत झोपू नये, जेवू नये.
२. समोरासमोरची दारे-खिडक्या उघडी ठेवावीत. वाफ बाहेर ओढणारा पंखा जमिनीलगत असावा.
३. डब्याचे झाकण लावलेले असावे. जवळ विडी-काडी नको.
४. नाकाला रुमाल बांधून वाफ अडत नाही.
५. हात थिनरने नव्हे, साबणाने धुवावेत.
६. बोटांना मुंग्या येऊ लागताच डॉक्टरांना दाखवावे आणि आपले काम आवर्जून सांगावे.

त्या तरुणाने विचारले, “काम सोडलं तर खायचं काय?” मी म्हणालो, “पाय गेले तर काम कुठलं करशील?” त्याने काम सोडले. पण पहिले दोन महिने पाय आणखीच अशक्त झाले. या आजारात असे होते, विष थांबले तरी नसांची पडझड काही काळ चालूच राहते. आई घाबरून भगताकडे निघाली होती. “काकू, थोडा धीर धरा,” एवढेच मी सांगत राहिलो. शिमग्याला तो काठी न घेता पालखीमागून चालत होता. टाचांवर उभे राहणे अजून जमत नाही. आता तो शिवणकामाच्या कारखान्यात आहे. पोटमाळ्यावरची त्याची जागा मात्र रिकामी राहिली नसणार. तिथे आज आपल्याच गावचा कोणी असेल, तर हा लेख त्याला वाचून दाखवा.