लॅपटॉप घेताना हे विचारा

मुलीच्या इंजिनिअरिंगसाठी पै-पै साठवून लॅपटॉप घेणाऱ्या पालकांनी दुकानातच विचारावे : रॅम पुढे वाढवता येईल का? पूर्वी मागचे स्क्रू काढून नवी पट्टी बसवता येई. बॅटरी तर खटका सरकवताच हाती येई. २०१२ साली अ‍ॅपलने रेटिना मॅकबुक प्रोमध्ये रॅम मदरबोर्डलाच डाख देऊन पक्की केली, बॅटरी चिकटवून टाकली. यंत्र सडपातळ झाले, देखणेही. पण रॅम बिघडली की बहुधा अख्खा बोर्डच बदलावा लागतो! इतरांनीही तीच वाट धरली. लेनोवोच्या थिंकपॅड टी ४८० (२०१८) ची बॅटरी बाहेरून निघे, पुढच्याच टी ४९० ची नाही. तेव्हा ‘आता ८ जीबी घेऊ, नोकरी लागल्यावर वाढवू’ हा हिशेब अशा यंत्रात चालत नाही. काहींत थोडी रॅम पक्की, पण एक खाच मोकळी असते. तसे मिळाले तर बरे.