सोळा मतांनी हुकलेले स्वराज्य

वसाहत म्हटली की सत्ता सोडायला तयार नसलेला परका राज्यकर्ता आपल्या डोळ्यांपुढे येतो. पण राज्यकर्ताच ‘घ्या तुमचा कारभार’ म्हणतो आहे आणि प्रजा ‘थांबा, विचार करू द्या’ म्हणते आहे, असे तुम्ही कधी ऐकले आहे का? आज मी अशाच एका प्रदेशाची ओळख करून देणार आहे. त्याचे नाव टोकेलाऊ.

प्रशांत महासागरात सामोआच्या उत्तरेला आताफू, नुकुनोनू आणि फाकाओफो ही तीन प्रवाळबेटे आहेत. तिन्हींची वस्ती मिळून दीड हजाराच्या आसपास, म्हणजे आपल्याकडच्या एखाद्या लहान गावाएवढी! आपियाहून बोटीने निघाले की पोचायला एक दिवसाहून अधिक वेळ लागतो. १९२५ पासून ही बेटे न्यूझीलंडच्या ताब्यात आहेत आणि रहिवासी न्यूझीलंडचे नागरिक आहेत.

गावगाडा मात्र त्यांचा स्वतःचा. प्रत्येक बेटावर ‘ताउपुलेगा’ हे ज्येष्ठांचे मंडळ असते. तिन्ही बेटांचे प्रतिनिधी ‘जनरल फोनो’त बसतात. या सभेला १९९६ साली कायदे करण्याचा अधिकार मिळाला. ‘उलु’ हे प्रमुखपद आळीपाळीने एकेका बेटाकडे जाते. त्यामुळे कायमची राजधानीच नाही.

न्यूझीलंडशी संबंध राखून स्वराज्य घ्यावे का, यावर २००६ मध्ये सार्वमत झाले. मंजुरीसाठी दोन तृतीयांश मते हवी होती. ५८४ पैकी ३४९ मते बाजूने पडली, म्हणजे सुमारे ६० टक्के. २००७ मध्ये पुन्हा कौल घेतला. ६९२ पैकी ४४६ जण ‘हो’ म्हणाले. हवी होती ४६२. सोळा मते कमी पडली! आणि टोकेलाऊ आजही न्यूझीलंडचाच भाग आहे.

लोक का कचरले असावेत? बेटांवर राहतात त्याहून कितीतरी अधिक टोकेलाऊवासी न्यूझीलंडमध्ये राहतात. बेटांच्या खर्चाचा मोठा वाटा तिथूनच येतो. जमीन समुद्रापासून जेमतेम चार-पाच मीटर उंच. अशा वेळी मोठ्या घराशी असलेले नाते सैल करायला मन धजत नाही, असे मला वाटते.

म्हणून याला गुलामीची आवड म्हणू नये. झेंडा बदलला तरी उद्या दवाखाना, शाळा आणि बोट कोण चालवणार, हा प्रश्न त्यांनी मतपेटीपाशी स्वतःला विचारला. स्वराज्य मागण्याचा हक्क जितका मोलाचा, तितकाच ते कधी घ्यायचे हे ठरवण्याचाही.