पेशींची पकड

भोरहून रायरेश्वरावर चढतांना शेवटच्या कड्याशीं लोखंडी शिडी लागते. सावध मनुष्य दांडा हातीं आल्याबरोबर त्यावर सारा भार टाकीत नाहीं. आधीं तो धरतो, ओढून पाहतो, आणि पक्का वाटला तरच पाऊल उचलतो. आपल्या शरीरांतील पेशीही जन्मभर हेंच करीत असतात, हें ऐकून पुष्कळ वाचकांस नवल वाटेल.

पेशीच्या भोवतीं कोलॅजनसारख्या तंतुमय प्रथिनांचें जाळें असतें. तें धरण्यासाठीं तिच्या आवरणांतून आरपार गेलेले ‘इंटेग्रिन’ नांवाचे प्रथिनरेणु असतात. हें नांव १९८६ सालचें. या रेणूंच्या शोधाबद्दल हाइन्स, रुओस्लाहटी व स्प्रिंगर या शास्त्रज्ञांस २०२२ सालीं अमेरिकेंतील लास्कर पारितोषिक मिळालें. इंटेग्रिनचें बाहेरचें टोंक जाळें धरतें. आंतलें टोंक ‘टॅलिन’ या दुसऱ्या प्रथिनाच्या द्वारें पेशींतील तंतूंशीं जोडलेलें असतें. हे तंतु सतत आंत ओढीत असतात. आधार मऊ असला तर तो ओढीसरशी सरकतो व ताण फारसा पडत नाहीं. आधार कठीण असला तर टॅलिन ताणलें जातें, त्याच्या घड्या उलगडतात, आणि आंत दडलेल्या जागीं ‘व्हिन्क्युलिन’ नांवाचें तिसरें प्रथिन येऊन बिलगतें. मग पकड अधिकच घट्ट होते, आणि ताणाची वार्ता पेशीच्या केंद्रापर्यंत पोंचते. ही पकड समूळ सुटली तर बहुतेक पेशी आपणहून मरतात. कर्करोगाच्या पेशी मात्र हा नियम झुगारून देशोदेशीं भटकावें तशा शरीरभर पसरतात.

या स्पर्शज्ञानाचें सामर्थ्य केवढें, हें २००६ सालीं अमेरिकेंतील एका प्रयोगानें दिसून आलें. त्या प्रयोगकर्त्यांपैकीं शमिक सेन हे पुढें मुंबईच्या आय. आय. टी. मध्यें प्राध्यापक झाले. एकाच जातीच्या मूळपेशी त्यांनीं निरनिराळ्या कठीणपणाच्या थरांवर वाढविल्या. मेंदूइतक्या मऊ थरावर त्या मज्जापेशींच्या वळणावर गेल्या, स्नायूइतक्या घट्ट थरावर स्नायूंच्या, आणि त्याहून कठीण थरावर हाडांच्या! पुण्यास पाषाण येथील ‘आयसर’ संस्थेंतही पेशींच्या या पकडीचा अभ्यास चालतो.

परंतु हा विषय केवळ प्रयोगशाळेचा नाहीं. भोरांत आमच्या परिचयाच्या एका घरीं आजीबाई ओट्यावरून घसरल्या व मांडीचें हाड मोडलें. शस्त्रक्रिया उत्तम झाली. दुसऱ्याच दिवशीं त्यांस आधारानें उभें करा, असें डॉक्टरांनीं बजावलें होतें. पण ‘आईला त्रास नको’ म्हणून लेकासुनांनीं त्यांस दोन महिने अंथरुणांतून उठूं दिलें नाहीं. हाड सांधलें, पण पायांतलें बळ गेलें. आतां त्या खिडकींतूनच तुळशीवृंदावन पाहतात.

मायेंत उणीव नव्हती. उणीव होती ती ज्ञानाची. हाडांतील पेशींस ताण जाणवला तरच त्या हाड राखतात. अंतराळांत शरीराचा भार पायांवर पडत नाहीं, म्हणून तेथें राहणाऱ्या धडधाकट वीरांच्याही खुब्याचें हाड महिन्यास शेंकडा एक ते दीड या प्रमाणानें झिजतें. मग वृद्धांच्या अंथरुणाची कथा काय?

म्हणून आमची विनंती इतकीच, कीं डॉक्टरांनीं अनुज्ञा दिली असेल तर घरच्या वडील माणसांस अंथरुणांत जपून ठेवूं नका. त्यांस हात द्या, पण उभें करा. थोडा भार सोसणें हेंही औषधच आहे.