गाडीची वही

परवा रात्री साडेनऊला माझ्या भाचीचा पुण्याहून फोन. "मावशी, तुमच्याकडे ती व्हॅन होती ना? सेकंडहँड घेतलेली? आम्ही पण जुनी सात सीटर बघतोय. दोन मुलं, सासू-सासरे, आम्ही दोघं. छोट्या गाडीत मावत नाही आणि नवीन परवडत नाही. काय काय बघायचं सांग ना!"

मी म्हटलं, "दहा मिनिटं आहेत का तुझ्याकडे?" प्रत्यक्षात आमचं बोलणं संपलं तेव्हा अकरा वाजून गेले होते. फोन ठेवल्यावर वाटलं, हे सगळं लिहूनच काढावं. कारण घरात गाडी घ्यायची म्हटलं की रंग तेवढा आपल्याला विचारतात, बाकीचं सगळं 'तुला काय कळतंय त्यातलं'! मलाही काही कळत नव्हतं. फसल्यावर कळलं.

गोष्ट २०११ सालची. त्याच्या आदल्या वर्षी माझ्या सासूबाईंना अर्धांगवायूचा झटका आला. उजवी बाजू गेली, बोलणं अडखळू लागलं. आठवड्यातून तीनदा सांगलीहून मिरजेला फिजिओथेरपीला न्यायचं होतं. रिक्षात त्यांना चढवताना आम्हा दोघांची कंबर मोडायची. यांच्या मित्राच्या छोट्या कारमधून नेऊन पाहिलं, तर खाली वाकून आत बसणं त्यांना जमेना. एकदा डोकं दाराच्या कडेवर आपटलं. आई काही बोलल्या नाहीत, पण त्या दिवशी जेवल्याही नाहीत.

मग शेजारच्या शाळेच्या व्हॅनवाल्या काकांनी सुचवलं, "ओम्नी बघा की! सरकतं दार, वाकायला नको, व्हीलचेअर मागं बसती."

मारुती व्हॅन १९८४ मध्ये आली आणि १९८८ पासून तिला ओम्नी म्हणू लागले. आपल्याकडे तिने काय काय केलं नाही! शाळेची मुलं नेली, भाजी नेली, रुग्णवाहिका झाली, लग्नाची वऱ्हाडं नेली. आणि हिंदी सिनेमात तर कुणाला पळवायचं म्हटलं की हीच गाडी. आमच्या चिरंजीवांनी ऐकल्याबरोबर कपाळाला हात लावला. "आई, मित्र मला किडनॅपर म्हणतील!"

पण पैसे? नवीन घेणं शक्यच नव्हतं. आईंच्या आजारपणात साठवलेलं सगळं गेलं होतं. शेवटी माझ्या माहेरच्या दोन पाटल्या मोडल्या. यांनी नको नको म्हटलं. आईंना सांगायचं नाही असं आमचं ठरलं. पण सणाला हात मोकळे दिसले आणि त्यांना कळलंच.

कोल्हापूरच्या एका एजंटाकडे सहा वर्षं जुनी, पाच सीटर ओम्नी मिळाली. पांढरीशुभ्र, आतून सुगंधी, सीटवर नवीन कव्हरं. काट्यावर ४२ हजार किलोमीटर. "डॉक्टरांची गाडी आहे वहिनी, घर ते दवाखाना," एजंट म्हणाला. सुरू केली तर एका चावीत सुरू. गॅसचं विचारलं तर म्हणे, "किट टाकून देतो, घरच्या सिलिंडरवर पण पळते." तेवढ्याला मात्र मी ठाम नकार दिला. घरगुती सिलिंडरवर गाडी चालवणं बेकायदा तर आहेच, पण ज्या गाडीत आजारी माणूस बसणार तिच्यात असला बॉम्ब कोण ठेवील? ९५ हजारांना सौदा झाला. मला वाटलं, मी किती हुशार!

गाडी घरी आली आणि आठव्या दिवशी दार सरकेना. मिरज रोडच्या फिटरकडे नेली. सगळे त्यांना मामा म्हणतात. त्यांनी पायातली मॅट उचलली, टॉर्च मारला आणि मला हाक मारली. पत्रा सडून एका जागी खालचा रस्ता दिसत होता! मग इंजिन बघायला पुढचं सीट उचललं (ओम्नीचं इंजिन पुढच्या सीटखालीच असतं), तर बाजूला ऑइल बदलल्याचं जुनं स्टिकर. त्यावर आकडा होता ७८ हजार.

मामा म्हणाले, "वैनी, काटा मागं फिरवलाय. हे ब्रेकचं पॅडल बघा, रबर झिजून गुळगुळीत झालंय. बेचाळीस हजारात असं हुतंय व्हय? आणि गाडी डोळ्यानं बघायची नसती, कानानं ऐकायची असती."

एजंटाला फोन केला. आधी "बघतो", मग "बाहेरगावी आहे", मग फोनच उचलेना.

त्या दिवशी मी एक दोनशे पानी वही आणली. वर लिहिलं, 'गाडी'. जो खर्च होईल तो तारखेसह त्यात. पहिल्या वर्षाचा हिशेब मला आजही पाठ आहे. चार टायर ८,४००, रेडिएटर ३,२००, हेड गॅस्केटचं काम ६,५००, क्लच प्लेट ३,८००, बॅटरी २,६००, दाराचे रोलर ९००. एकूण २५,४०० रुपये. म्हणजे किमतीच्या पाव हिश्श्याहून जास्त! जुनी गाडी घेताना जवळचे सगळे पैसे किमतीतच घालवू नयेत, हा पहिला धडा मी असा शिकले.

दुसरा धडा कागदांचा. आरसी बुकावर बँकेच्या कर्जाचा बोजा तसाच होता. कर्ज फिटलं होतं, पण मूळ मालकाने बँकेचा दाखला आणि ३५ नंबरचा फॉर्म कधी दिलाच नव्हता. त्यांचा पत्ता शोधला, ते भले गृहस्थ निघाले. (डॉक्टर नव्हते, मंडप डेकोरेशनवाले होते!) बोजा उतरवणं, कोल्हापूरची एनओसी, मग २९ आणि ३० नंबरचे फॉर्म भरून सांगलीत नाव लागेपर्यंत तीन महिने गेले. मंडपवाले काका हळहळत म्हणाले, "ताई, मी सह्या करून मोकळा झालो होतो. या गाडीनं मधे कुणाला उडवलं असतं तर मीच अडकलो असतो की!" खरंच होतं ते. आरटीओच्या नोंदीत ज्याचं नाव तोच मालक आणि अपघाताच्या भरपाईची जबाबदारीही त्याचीच, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या खटल्यात स्पष्टच सांगितलंय. म्हणून विकताना असो की घेताना, नाव बदलल्याशिवाय गंगेत घोडं न्हालं असं समजू नका. विमाही चौदा दिवसांच्या आत आपल्या नावावर करायला अर्ज द्यावा लागतो.

वहीतलं ते हेड गॅस्केट कसं गेलं, ते सांगते. गणपतीला आम्ही माझ्या माहेरी देवरूखला गेलो होतो. आईंना दोन वर्षांनी घराबाहेर काढलं होतं, स्वारी खुशीत होती. परतताना साखरप्याहून आंबा घाट चढू लागलो. पाऊस थांबून ऊन पडलं होतं. अर्ध्या घाटात माझ्या सीटखालून चटके बसू लागले. काट्याकडे पाहिलं तर तो पार वर. मग वाफ, आणि गाडी बंद.

हे उतरून रेडिएटरचं झाकण उघडायला निघाले. मी ओरडले, "हात लावू नका!" तापलेल्या रेडिएटरचं झाकण उघडलं तर उकळतं पाणी अंगावर उडतं, हे मामांनी मला बजावलं होतं. पाऊण तास थांबलो. गार झाल्यावर झाकण काढलं तर आत गंजाचं तांबडं पाणी. आधीच्या लोकांनी कूलंट न घालता वर्षानुवर्षं नळाचं पाणी ओतलं होतं. रेडिएटर क्षाराने चोंदला होता.

मी कठड्यावर बसले आणि मला रडूच फुटलं. आजारी बाई घाटात अडकलेली, मुलगा भुकेला, आणि माझ्या पाटल्या या डब्यात गेलेल्या! म्हटलं, "फसवलं आपल्याला. विकून टाकू हिला."

आई सरकत्या दारात पाय सोडून बसल्या होत्या. एकेक शब्द जुळवत म्हणाल्या, "मी तरी... कुठं नवीन आहे? एक बाजू बंदच आहे माझी. टाकलंत का मला?"

हे तिकडे तोंड फिरवून उभे राहिले. मी डोळे पुसले आणि पाण्याची बाटली घेऊन उठले.

मलकापूरहून एक जीप आली, तिने घाटावर ओढून नेलं. त्यानंतर विकायचा विषय कुणी काढला नाही.

उलट, यांची शिफ्ट आणि आईंची वेळ जुळेना म्हणून चाळिशीला टेकलेली मी गाडी शिकले! ओम्नीला पुढे बोनेट नाही. त्यामुळे समोरचा ट्रक थेट आपल्या मांडीवरच येतोय असं वाटायचं. पहिल्या दिवशी विश्रामबागच्या चौकात तीनदा बंद पाडली. मागे हॉर्नचा कल्लोळ. शेजारी आई डावा हात खिडकीबाहेर काढून सगळ्यांना शांतपणे "थांबा" करत होत्या! सुताराकडून एक जाड पाट करून घेतला होता. दारापुढे तो ठेवला की त्यावर एक पाय, मग आत. पुढे पुढे आई स्वतःच म्हणू लागल्या, "पाट घेतलास का?" म्हणजे निघायचं.

गाडी म्हणाल तर पहिल्या दोन वर्षांनंतर तिने फार त्रास दिला नाही. ७९६ सीसीचं तीन सिलिंडरचं साधं इंजिन, कुठल्याही गावात फिटर मिळतो, पार्ट मिळतात आणि परवडतात. दर सहा महिन्यांनी ऑइल, वर्षातून एकदा कूलंट, दाराच्या रुळांत ग्रीस. जुन्या गाडीचा भरवसा असा वहीतल्या तारखांवर टिकतो. सडलेला पत्रा कापून नवा जोडला, तो अखेरपर्यंत टिकला.

पण भाचीला मी दुसरी बाजूही सांगितली. ओम्नीत इंजिन सीटखाली, पुढे नाक नाही, एअरबॅग नाही. समोरून धडक बसली तर आपल्या पायांपुढे एक पत्राच. नव्या सुरक्षा नियमांत ती बसेना, म्हणून २०१९ मध्ये तिचं उत्पादन थांबलं. आमचं नशीब की गावातल्या गावात चालली. आज लेकराबाळांना घेऊन हायवेला जायचं असेल, तर चार पैसे जास्त गेले तरी एअरबॅग आणि एबीएस असलेलीच गाडी बघ, असं मी तिला निक्षून सांगितलं.

आणि मग ही यादी लिहून घ्यायला लावली. तुम्हीही घ्या.

गाडी सकाळी, इंजिन गार असताना बघायला जायचं. आधीच गरम करून ठेवलेली गाडी आपले दोष लपवते. धूर निळसर असेल तर ऑइल जळतंय. काट्यावर विश्वास नको, पॅडलचं रबर आणि स्टिअरिंगची झीज बघा, सर्व्हिसची बिलं मागा. टायरवर चार आकडे असतात. ३४२१ म्हणजे २०२१ सालातला चौतिसावा आठवडा. नवे टायर सांगून जुने दिले असतील तर तिथे कळतं. मॅट उचला, सरकत्या दाराचे रूळ बघा. सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढा. आमच्या सांगलीत २०१९ आणि २०२१ ला महापूर आला, तेव्हा कितीतरी गाड्या पाण्यात गेल्या. अशा गाड्या धुऊन-पुसून लांबच्या गावी विकायला जातात. बेल्टच्या आतल्या टोकाला चिखलाची रेघ किंवा कुबट वास आला तर तिथूनच नमस्कार करा. नोंदणी, बोजा, विमा सरकारी ॲपवर बघता येतात. सीएनजी किंवा एलपीजी असेल तर त्याची नोंद आरसीवर हवीच. आणि आपला फिटर सोबत न्या. त्याला दिलेले पाचशे-हजार वाया जात नाहीत.

"आणि घरातलं सगळ्यात म्हातारं माणूस आत बसवून बघ," मी म्हटलं. "त्याला चढता आलं पाहिजे."

आई २०१९ च्या डिसेंबरात गेल्या. पुढच्या वर्षी गाडीला पंधरा वर्षं झाली. पुन्हा पासिंग करून घेतलं, पर्यावरण कर भरला. पण मग ती नुसती दारात उभी राहू लागली. २०२२ मध्ये मिरजेचं एक फुलवाल्यांचं जोडपं बघायला आलं. पहाटे बाजारातून फुलं आणायला हवी होती त्यांना. नवरा टायरला लाथा मारून बघत होता, बायको जरा लांब उभी होती. मी तिला जवळ बोलावलं आणि वही तिच्या हातात दिली.

"अकरा वर्षांचा सगळा खर्च आहे यात. काट्यावर दिसतंय त्यात किमान छत्तीस हजार मिळव, ते आम्ही घ्यायच्या आधीच मागे फिरवलेले आहेत. दुसरा गिअर थंडीत जरा अडतो. घाट चढायचा असेल तर आधी पाणी बघ."

ती उभ्या उभ्या पानं उलटत राहिली. मग नवऱ्याला म्हणाली, "घेऊया." आरटीओत जाऊन नाव बदलून आलो, तेव्हाच चावी दिली.

भाचीने शेवटी विचारलं, "मावशी, एवढं फसवलं गेलं तुम्हाला, मग पैसे वाया गेले असं वाटत नाही?"

मी हिशेब कधीच केला नाही असं नाही. वहीच्या शेवटच्या पानावर सगळी बेरीज होती. पण त्या पानाच्या आधी, दर आठवड्याला तीन वेळा, मी पेट्रोलच्या आकड्यापुढे एक शब्द लिहीत असे, 'मिरज'. मोजायला गेलं तर हजाराच्या वर भरतील. तेवढ्या वेळा आई घराबाहेर पडल्या, डोकं कुठेही न आपटता.

पाट मात्र मी दिला नाही. तो जिन्याखाली आहे.