लढाया शिकवायच्या तर महिदपूरपासून

तिसरे इंग्रज-मराठा युद्ध शाळेत एका सनावळीत आणि ‘कारणे व परिणाम लिहा’ या प्रश्नात आटोपते. इंदूरच्या वर्गात हे जास्त खटकते, कारण होळकरांची राजधानी इंदूरला आली तीच मुळी या युद्धातल्या पराभवानंतर, 1818 साली.

हा पराभव झाला ते महिदपूर उज्जैनच्या उत्तरेला, क्षिप्रेकाठी. तारीख 21 डिसेंबर 1817. गादीवर यशवंतराव होळकरांचा अकरा वर्षांचा मुलगा मल्हारराव. म्हणजे सहावीतल्या पोराएवढा राजा. राज्य चालवणाऱ्या तुळसाबाईंना आदल्याच दिवशी आपल्याच फौजेतल्या लोकांनी ठार मारलेले. समोर इंग्रज सेनानी सर थॉमस हिस्लॉप आणि जॉन माल्कम. होळकरी तोफांचा मारा अंगावर घेत इंग्रज फौज नदी उतरली, तिची पावणेआठशेच्या आसपास माणसे मेली किंवा जखमी झाली. होळकरांचे गोलंदाज शेवटपर्यंत तोफांपाशी लढत राहिले. तरी लढाई गेली.

का गेली? आपल्याकडे उत्तर तयार असते: होळकरांचा सरदार गफूरखान फितूर झाला. 6 जानेवारी 1818 च्या मंदसौरच्या तहात त्याला जावऱ्याची जहागीर पक्की झाली, हे खरे. पण बक्षीस मिळाले एवढ्यावरून फितुरी सिद्ध होते का? आदल्या दिवशीचा खून, दुभंगलेला दरबार, एकमुखी हुकूम नसलेली फौज, यांचा हिशेब कोणी मांडायचा? हा वाद मुलांपुढे ठेवावा आणि दोन्ही बाजूंनी भांडू द्यावे. पुरावा तोलायची सवय पाच गुणांच्या टिपेतून लागत नाही.

त्याहून अवघड पान आधीचे आहे. ऑक्टोबर 1801 मध्ये इंदूर लुटले, जाळले ते इंग्रजांनी नव्हे. दौलतराव शिंद्यांच्या फौजेने, सर्जेराव घाटग्यांच्या हाताखाली. पुढच्याच वर्षी, 25 ऑक्टोबर 1802 रोजी, ऐन दिवाळीत यशवंतरावांनी पुण्याजवळ पेशवे आणि शिंदे यांच्या फौजा मोडल्या. पेशवा बाजीराव पळाला, आणि 31 डिसेंबरला वसईचा तह करून इंग्रजांच्या आश्रयाला गेला. पुण्याच्या वर्गात यशवंतराव पुंड ठरतात, इंदूरच्या वर्गात इंग्रजांना मुकुंदऱ्याच्या घाटातून पळवून लावणारे वीर. (इंदूरच्या एमवाय रुग्णालयाच्या नावातले यशवंतराव वेगळे, बरेच नंतरचे, मुलांचा इथे हमखास गोंधळ होतो.) मला दोन्ही वर्ग अर्धवट वाटतात. आपसातली भांडणे गाळून उरलेला इतिहास ऐकायला बरा वाटतो, पण 1818 का घडले ते त्यातून कळत नाही.

परिणामांसाठी तर पुस्तक उघडायचीही गरज नाही. मंदसौरच्या तहाने सातपुड्याच्या दक्षिणेचा मुलूख आणि राजपूत संस्थानांवरचे हक्क गेले, इंदुरात रेसिडेन्सी आली, आणि जवळच महूची छावणी उभी राहिली. त्याच छावणीत 1891 मध्ये सुभेदार रामजी सकपाळांच्या घरी भीमराव आंबेडकर जन्मले. आज तिथे लष्कराचे आर्मी वॉर कॉलेज आहे, म्हणजे अधिकाऱ्यांना युद्ध शिकवायची जागा पराभवातून मिळालेल्या जमिनीवर आहे. आणि शहरातल्या कृष्णपुरा छत्र्यांपैकी एक त्या बालराजाच्या आईची, कृष्णाबाईंची.

इंदूरच्या शाळांनी डिसेंबरची सहल एकदा महिदपूरला न्यावी. नदीचा उतार मुलांना दाखवावा, तोफा कुठे असतील ते त्यांनाच ठरवू द्यावे, आणि तह वर्गात पुरा वाचून घ्यावा.